भरून ठेवा

आमच्या आपत्ती कक्षात फोन उचलणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा: "पाणी कुठं आलंय? नळाला की घरात?" नवीन रुजू झालेली मुलं हे ऐकून हसतात. आपत्तीच्या नंबरावर नळाचं कोण विचारणार, असं त्यांना वाटतं. मी त्यांना हसू देते. एक मोठा पाऊस होऊन गेला की ते आपोआप गप्प होतात. मात्र हा प्रश्न घालून कुणी दिला असं कुणी विचारलं, तर मला श्रीधर आगाशे यांचं नाव सांगावं लागतं. आणि नाव सांगितलं की पुढचंही सगळं सांगावं लागतं.

आगाशेकाका कर्वेनगरला राहतात. उंच, किडकिडीत, शर्ट नेहमी इस्त्रीचा आणि जिभेला धार. त्यांची जवळजवळ उभी नोकरी पाणीपुरवठ्याच्या तक्रारींच्या फोनवर गेली. सकाळी खुर्चीत बसावं तर 'पाणी आलं नाही', दुपारी 'पाणी आलं पण वर चढत नाही', संध्याकाळी निघता निघता पुन्हा 'पाणी आलं नाही'. अशा खुर्चीत माणूस एकतर वेडा होतो नाहीतर विनोदी. काका विनोदी झाले. "आमच्याकडे पाणी कधी येणार?" असं कुणी तणतणत विचारलं की काका शांतपणे म्हणायचे, "का? आपण कुठे बाहेर जाणार आहात?" एका बाईंनी सांगितलं, सकाळपासून नळ नुसता फुसफुसतोय. काका म्हणाले, "मग त्याला आधी बोलून घेऊ द्या."

ही उत्तरं कँटीनपर्यंत जायची, तिथून दुसऱ्या खात्यांत जायची. काकांना ते ठाऊक होतं. उत्तर दिलं की ते रिसीव्हर अगदी हलकेच ठेवत, पंख्याकडे बघत आणि मागून हसण्याचा आवाज येईपर्यंत तसेच बघत राहत. घरी गेल्यावर मंदाकिनीकाकू चहा देताना विचारायच्या, "आज कुणाला काय ऐकवलंत?" मग दिवसातलं सगळ्यात चांगलं उत्तर तिथं पुन्हा सादर व्हायचं. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला टाकीचा कॉक कसा फिरवायचा हे ते फोनवरून न कंटाळता समजावत. पण समोर ऐकायला चार माणसं असली की त्यांना राहवत नसे.

निवृत्ती जवळ आली तशी त्यांची बदली आमच्याकडे झाली. फोनवर बोलण्याचा अनुभव दांडगा, हे कारण. मी, अस्मिता, इथं वायरलेसवर बसते. माझं काम सोपं आहे आणि ते चुकवून चालत नाही. बाहेरच्या गाड्यांकडून जो निरोप येईल तो मी मोठ्यांदा, आहे त्या शब्दांत, सगळ्या हॉलला ऐकवायचा. त्यात स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "म्हणजे तुम्ही पोपट. छान. आमच्याकडे कावळे होते." मी त्यांना म्हटलं, पोपटाला निदान मिरची तरी मिळते, इथं चहासुद्धा गार येतो. तेव्हापासून आमचं जमलं.

कक्ष म्हणजे एक लांबलचक हॉल. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा. त्यावर पूल, घाट, सखल रस्ते यांचे कॅमेरे. मधल्या टेबलाभोवती प्रत्येक खात्याचा एकेक माणूस: अग्निशमन, आरोग्य, वीज, पोलीस, धरणाची खबर ठेवणारा, रस्त्यांचा. एरवी ही मंडळी एकमेकांना पत्रं लिहितात आणि त्या पत्रांना उत्तरं येईपर्यंत खड्डा आपोआप बुजतो. पावसाळ्यात त्यांना एका टेबलाला बसवायचं, एवढीच काय ती युक्ती. फोन आला की घेणाऱ्यानं तीन गोष्टी विचारायच्या: कुठं, किती माणसं, कधीपासून. मग तो टेबलाकडे वळून ओरडणार, टेबलावर ठरणार कोण जाईल, आणि मी वायरलेसवर सांगणार. यातला 'कधीपासून' हा प्रश्न सगळ्यांना फालतू वाटतो. गाडी आधी कुणाकडे पाठवायची, ते मात्र त्याच्यावर ठरतं.

त्या दिवशी पहाटेपासून डोंगराकडं तुफान पडत होतं. नदी भरली होतीच, पण शहराला खरी भीती ओढ्यांची असते. नदीची खबर धरणावरून आधी कळते. ओढा कुणाला विचारून येत नाही. त्यातच पंपाची वीज गेल्यानं अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडलेले. रस्त्यात गुडघाभर पाणी आणि घरात प्यायला थेंब नाही, अशी तऱ्हा. तक्रारींचा नंबर लागत नव्हता, म्हणून लोकांनी आपत्तीचा नंबर लावायला सुरुवात केली. आमचे फोन नळांच्या तक्रारींनी तुंबले. रविराज सर म्हणजे आमचे कक्षप्रमुख, तरणाबांड माणूस, एरवी थंड डोक्याचे, तेही वैतागले. "काका, हे नळवाले तुम्हीच घ्या, तुमचीच गिऱ्हाइकं आहेत," म्हणाले.

काकांना तेच हवं होतं. हॉलमध्ये सगळे ताणाखाली होते आणि ऐकायला चार नव्हे, चांगली तीसेक माणसं होती. विश्रांतवाडीच्या एका गृहस्थांनी आंघोळ राहिल्याचं सांगितलं. "गॅलरीत उभे राहा, निसर्ग आपल्यासाठीच राबतोय," काका म्हणाले. हसू फुटलं. तेवढ्या वेळापुरती माणसांची पाठ सैल झाली, हेही खरं. काकांना चेव आला.

मग तो फोन आला. काकांनी फोन स्पीकरवर घेतला होता, गंमत सगळ्यांना ऐकू यावी म्हणून.

"सायेब, धायरीतनं बोलतीय. बायडाबाई. पानी आलंय."

सकाळपासून 'पाणी आलं नाही' ऐकणाऱ्या काकांना हे म्हणजे ताटात वाढून आल्यासारखं झालं. "आलंय ना?" ते म्हणाले. "मग भरून ठेवा!"

पलीकडून बाईनं विचारलं, "भरून ठिवू?"

"ठेवा. मावेल तेवढं भरून ठेवा."

"बरं, सायेब," ती म्हणाली. काकांनी रिसीव्हर हलकेच ठेवला आणि पंख्याकडे पाहिलं.

हॉल खदखदून हसला. पाणी आल्याचं कळवायला फोन करणारी पुण्यातली पहिलीच नागरिक, असं वीजवाल्यानं जाहीर केलं. रविराज सर डोळे पुसत होते. काकांनी त्या बाईच्या आवाजात "बरं, सायेब" म्हणून दाखवलं, आणि लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. माझ्या कानाला वायरलेस होता, त्यामुळे मला नुसते हसरे चेहरे दिसले आणि विनोद नंतर कुणीतरी सांगितला. ऐकला असता तर मीही हसले असते, खोटं कशाला बोलू? पुढं चहा आला, चहा संपला, आणि मधल्या वेळात कुणी कुणाला फाईल दिली तरी "भरून ठेवा" म्हणत होतं.

धायरीत एक झाड रस्त्यावर आडवं झालं होतं आणि तिथं अग्निशमनची एक तुकडी करवत घेऊन लागली होती. त्या तुकडीचा निरोप आला. मी नेहमीसारखा मोठ्यांदा म्हणून दाखवला: "धायरी, ओढ्याकाठची वस्ती. घरात पाणी आलंय. लोक शाळेत हलले आहेत. वस्ती रिकामी आहे."

अग्निशमनच्या खुर्चीत संजय होता. त्यानं नकाशावर त्या वस्तीवर हिरवी टाचणी लावली. हिरवी म्हणजे काम झालं, तिकडं आता गाडी नको.

मी सहज काकांकडं पाहिलं. त्यांच्या हातातला दुसऱ्या चहाचा कप तोंडाजवळ जाऊन थांबला होता. 'पाणी आलंय.' तेच दोन शब्द, माझ्या तोंडून, आहे तसे. त्यांनी कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर. मग फोनवर आलेला तो नंबर शोधून त्यांनी लावला. स्पीकर बंद करून, पाठ आमच्याकडे करून. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर फोन बंद असल्याचं सांगणारा आवाज आला असावा, कारण त्यांनी तो अर्ध्यात ठेवला.

मग ते वळले आणि म्हणाले, "संजय, त्या वस्तीतून एक फोन आलाय. बायडाबाई म्हणून. घरात पाणी आलंय म्हणते."

"कधी?" संजयनं विचारलं.

काकांनी हॉलकडं एकदा पाहिलं. "आत्ताच," ते म्हणाले.

तो 'आत्ताच' मी ऐकला तेव्हा मला काही कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. संजय म्हणाला, "आत्ताच केलाय म्हणजे शाळेतूनच केला असणार. वस्ती रिकामी झालीय ना. झाडाचं उरकलं की बघून या म्हणतो त्यांना." त्याचं बरोबर होतं. मिळालेल्या माहितीवर कुणीही तेच ठरवलं असतं. त्याच्यासमोर सिंहगड रस्त्यावरच्या तळमजल्यांवर अडकलेली माणसं होती आणि हाताशी गाड्या मोजक्या होत्या.

काका खुर्चीत बसले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. मी त्यांना कधी घाम आलेला पाहिला नव्हता, त्या माणसाचा शर्ट मे महिन्यातसुद्धा कोरडा असायचा. त्यांच्या कानशिलावरून घाम वाहत होता. ते नकाशावरच्या हिरव्या टाचणीकडं बघत होते, मग फोनकडं, मग पुन्हा टाचणीकडं. नंतर त्यांनी मला सांगितलं की त्या वेळी ते मनाशी घोकत होते: असेलच ती शाळेत, असणारच, बाई काय वेडी आहे घरात बसायला. आणि त्याच वेळी त्यांना तिचं 'बरं, सायेब' ऐकू येत होतं. स्वतःच्याच आवाजात.

खरं सांगायचं तर एवढंच बोलायचं होतं: फोन आत्ताचा नाही, मघाचा आहे. पण मघाचा म्हटलं की कुठला, हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं असतं. सगळे त्याच फोनवर तर हसले होते. काकांना आपली लाज झाकायची होती आणि त्यासाठी त्यांनी एक शब्द खोटा घातला होता. त्या शब्दाखाली धायरीत एक बाई अडकली होती.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. फार नसावा. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "संजय, तो फोन आत्ताचा नाही."

"म्हणजे?"

"तो... भरून ठेवा. तो फोन." त्यांनी आपल्या फोनकडं बोट दाखवलं. "नळाचं नव्हतं ते. ओढ्याचं होतं. घरात होती ती तेव्हा. आणि आता फोन लागत नाहीये. मी तुला खोटं सांगितलं."

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. संजयनं टाचणी उपटली, लाल लावली आणि माझ्या हातातून माईक जवळजवळ हिसकावून घेतला. "झाड सोडा, आधी वस्तीत जा. घरात माणसं आहेत," तो ओरडला. रविराज सर पडद्याकडं बघत उभे राहिले. सगळ्यात जास्त तेच हसले होते. वीजवाला आपल्या चपलांकडं बघत होता. काकांना कुणी बसा म्हणेना आणि तेही बसेनात.

बराच वेळ वायरलेस नुसता खरखरत राहिला. मग तुकडीतल्या जवानाचा आवाज आला. रविराज सरांनी खूण केली आणि मी तो सगळ्यांसाठी मोठा केला.

"दोघं सापडले. म्हातारा-म्हातारी. सुखरूप आहेत. आजोबांना अर्धांगवायू आहे, उठता येत नाही. आजींनी त्यांना सैपाकाच्या ओट्यावर चढवून बसवलंय. स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. डोक्यावर सामानाची पिशवी धरून." मग तो म्हणाला, "शेजारचे न्यायला आले होते, पण त्या गेल्या नाहीत म्हणे. म्हणतात, साहेबांनी फोनवर सांगितलं होतं भरून ठेवा, मावेल तेवढं. सगळं भरून ठेवलंय. विचारताहेत, गाडीला एवढा उशीर का झाला."

हे मी मोठ्यांदा म्हणून दाखवायचं होतं. नियमच आहे. मी तोंड उघडलं आणि मला ते म्हणता आलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

आमच्या मराठीत भरून ठेवायला पाणीही असतं आणि पिशवीही. काकांनी हंडे-बादल्या डोळ्यासमोर आणून ते वाक्य टाकलं होतं. बायडाबाईंनी सरकारी साहेबाच्या तोंडून आलेलं वाक्य म्हणून ते ऐकलं. सामान भरून ठेवा, याचा दुसरा काय अर्थ असणार? गाडी येणार. त्यांनी नवऱ्याच्या गोळ्या भरल्या, लुगडी भरली, चपात्यांचा डबा भरला आणि त्या वाट बघत बसल्या. शेजारचा श्याम चार माणसं घेऊन खाटेसकट म्हाताऱ्याला उचलून न्यायला आला, तर त्याला म्हणाल्या, तुम्ही पोरंबाळं काढा, आमच्यासाठी सायेबांची गाडी येतीया. श्यामला वाटलं, नेलं असेल गाडीनं. गोठ्यातली म्हैस सोडून द्यायलाही त्याच नको म्हणाल्या. गाडी आल्यावर सायेबांनाच विचारू, जनावराचं काय करायचं ते. म्हैस आखूड दाव्याला बांधलेलीच राहिली आणि तुकडी पोचायच्या आत तिथंच बुडून मेली.

त्या संध्याकाळी काकूंनी नेहमीप्रमाणं विचारलं, आज कुणाला काय ऐकवलंत. काकांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि ते आतल्या खोलीत जाऊन बसले. हे काकूंनीच मला सांगितलं. काकूंना वाटलं, छातीत दुखतंय.

पुढचे काही दिवस तर आणखी वाईट गेले. एका वाहिनीच्या माणसानं शाळेत जाऊन बायडाबाईंची मुलाखत घेतली. त्या म्हणाल्या, "गाडीला जरा उशीर झाला, पन सायेब शब्दाचा पक्का निघाला. म्हनला भरून ठिवा, आन गाडी धाडली." हा तुकडा सगळीकडं फिरला. कक्षाच्या समयसूचकतेचं कौतुक झालं. वरून फोन आला, तो कर्मचारी कोण? छोटासा सत्कार करू, इतरांना हुरूप येईल.

रविराज सरांनी काकांना बाजूला घेतलं. मी जवळच होते. सर म्हणाले, "काका, झालं गेलं. माणसं वाचली. त्यांचा समज चांगला झालाय तर होऊ दे. एक शाल घ्यायची, संपलं."

"करा की सत्कार," काका म्हणाले. "म्हशीलाही बोलवा." मग जरा थांबून म्हणाले, "अरे हो. तिला जमणार नाही."

त्यांची धार मी त्या दिवसांत तेवढी एकदाच पाहिली. तीही त्यांनी स्वतःवरच चालवली होती. सरांनी सत्काराचा विषय पुन्हा काढला नाही, आणि खरं काय ते वर कळवायचं धाडसही केलं नाही. काकांनी मात्र स्वतःच वर जाऊन सांगितलं. त्यांना समज मिळाली, लेखी. ती त्यांना कमी वाटली असावी.

मग एके दुपारी बायडाबाईंचाच फोन आला. मी उचलला. "ते भरून ठिवा म्हनलेलं सायेब हाईत का?" काका समोर बसले होते. मी रिसीव्हरवर हात ठेवून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हात जोडून मान हलवली, नाही, नाही. मी सांगितलं, रजेवर आहेत. "मग निरोप सांगा," त्या म्हणाल्या. "म्हनावं, सुखी ऱ्हावा. पोराबाळांत सुखी ऱ्हावा." मी निरोप आहे त्या शब्दांत सांगितला. पोपटच ना मी! काकांनी टेबलावर डोकं टेकलं आणि हा साठीला आलेला, सगळ्या पुण्याला ऐकवणारा माणूस सगळ्यांसमोर रडला. मला त्यांचा राग आला होता, तो त्या दिवशीही गेला नाही. पण कीवही आली.

रविवारी सकाळी काकांचा फोन आला. "अस्मिता, धायरीला जायचंय. तू चल."

"मी कशाला? तुमचं तुम्ही बोला की."

"तू नसलीस तर मी तिथं जाऊन काहीतरी वेगळंच सांगून येईन," ते म्हणाले. "मला माझी खात्री नाही आता."

आम्ही गेलो. ओढा पुन्हा आपल्या जागी गेला होता, आपण काही केलंच नाही असा. घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीशी येत होती. अंगणातल्या गोठ्यात एक खुंटा होता आणि त्याला दाव्याचा तुकडा तसाच होता. काका त्या खुंट्यापाशी थांबले आणि पुढं येईनात. शेवटी मीच हाक मारली.

बायडाबाई बाहेर आल्या. बुटक्या, वाळलेल्या, डोक्यावरून पदर. आम्ही कक्षातून आलोय, असं मी म्हटल्याबरोबर त्यांनी आम्हाला आत बसवलं. खाटेवर त्यांचे यजमान आप्पासाहेब पडून होते. एक बाजू लुळी, पण जीभ आणि नजर शाबूत. कधीकाळी या भागात त्यांची जमीन होती, असं त्यांच्या बसलेल्या आवाजातल्या ऐटीवरून वाटलं.

काका सतरंजीवर बसले आणि एका दमात बोलले. "आजी, भरून ठेवा म्हणालो तो मी. मी सामान भरायला नव्हतो सांगत. मी थट्टा करत होतो तुमची. तुम्ही पाणी आलंय म्हणालात, मला वाटलं नळाला आलंय. म्हणून म्हणालो, भरून ठेवा. सगळ्यांना हसवायला म्हणालो. गाडीबिडी काही पाठवली नव्हती मी. नंतर कळलं तेव्हाही आधी खोटंच बोललो. तुमची म्हैस माझ्यामुळं गेली. तुम्ही दोघंही गेला असतात."

बायडाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यांना थट्टेचं किती कळलं, खोट्याचं किती कळलं, मला सांगता येणार नाही. त्या एकाच गोष्टीपाशी अडकल्या होत्या.

"नळाला?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आमच्यात नळ कुठं हाय, सायेब?"

काकांनी मान वर केली.

"गाव शहरात गेल्यापास्नं येतोय येतोय म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "टँकर येतो आमच्यात. तो बी आला तर. नळ न्हाई न् काय न्हाई."

मी काकांकडं बघू शकले नाही. उभी नोकरी या माणसानं पाणीपुरवठ्यात काढली होती. पाणी आलं, पाणी आलं नाही, याशिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं. आणि नळच नसलेलं घर आपल्याच शहरात असतं, ते आपल्याला फोन करू शकतं, हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांना फोन यायचे ते नळवाल्यांचेच. ज्यांच्याकडं नळच नाही, ते तक्रार कशाची करणार?

मला वाटलं, आता ही बाई आम्हाला हाकलून देईल. द्यायलाच हवं होतं. काकाही त्याचीच वाट बघत असावेत, खांदे पाडून, मान घालून.

खाटेवरून आप्पासाहेबांचा आवाज आला. "अगं, लांबनं आल्यात. पानी तरी दे सायबांस्नी."

बायडाबाई उठल्या. कोपऱ्यात प्लास्टिकचा निळा पिंप होता, त्यावर झाकण, झाकणावर दगड. त्यांनी दगड काढला, झाकण सरकवलं, तांब्या आत बुडवून भरला आणि कडेचं पाणी पदरानं पुसून काकांच्या पुढं धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "भरून ठिवल्यालं हाय."

त्यात टोमणा नव्हता. मी पुण्यात जन्मलेय, टोमणा मला भिंतीपलीकडून कळतो. टँकर चार दिवसांनी आला की माणसं पाणी भरून ठेवतात आणि घरी कुणी आलं की त्यातलं देतात, एवढंच ते वाक्य होतं. काकांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. तो काठोकाठ भरलेला होता, तोंडाकडं नेताना पाणी सतरंजीवर सांडायला लागलं, आणि ते पाहून बायडाबाई घाईनं म्हणाल्या, "सांडू नका, सायेब."

"बरं," आगाशेकाका म्हणाले, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.